वितळायला वीस मिनिटं

कुओपिओत, प्रयोगशाळेच्या तळघरात
फ्रीझर उणे सत्तरवर घुमत असतो.
आत बहात्तर सालची माणसं आहेत,
म्हणजे त्यांच्या रक्तावरचं पिवळट पाणी,
बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांतून.
नावं नाहीत. गाव, लिंग, जन्मसाल, तारीख.
सिनिक्का म्हणते, नावं असती
तर झाकण उघडायला हात धजला नसता.

तेव्हा नुसतं कोलेस्टेरॉल मोजून ठेवून दिलं.
आता त्याच थेंबांना नवं काही विचारायचंय:
लिपोप्रोटीन, आणि त्याच्या पुढे कंसात
एक छोटासा ए.
हा ए खाण्यापिण्याने फारसा हलत नाही.
नाकासारखा, तिरसटपणासारखा घराण्यातून येतो
आणि धमनीच्या आतल्या अंगाला
वर्षानुवर्षं लिंपत बसतो,
बाहेर कुणाला पत्ता न लागू देता.

नळी वितळायला वीस मिनिटं लागतात.
मुठीत धरून घाई करायची नाही, असा नियम.

गाव एकतीस. पुरुष. जन्म छत्तीस.
चौदा फेब्रुवारी.

एकतीस म्हणजे आमचं. अकरा उंबरे,
आणि छत्तीस सालचा पुरुष त्यांत एकच.
त्या दिवशी दंडावर कापूस दाबत तो घरी आला
आणि मला म्हणाला,
सुईवाल्या बाईने माझ्यातलं थोडं ठेवून घेतलं.
मी पाच वर्षांची. मला वाटलं, परत देतील.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये तो बर्चच्या ओंडक्यांशेजारी पडला.
करवत पेट्रोल संपेस्तोवर चालूच होती,
त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.
आवाज थांबला तेव्हा आईने
कॉफीचं आधण ठेवलं.

पुढे शाळेत बैठका झाल्या, तक्ते लागले,
लोण्याचं नाव निघालं.
माझ्या आईच्या, लेम्पीच्या, लोण्याला
तालुक्यात दोनदा बक्षीस होतं.
तिने गाय विकली. घुसळायचं लाकडी भांडं
सॉनाच्या चुलीत घातलं.
तेव्हापासून राईचा पाव कोरडा खाते,
चावताना आवाज होतो.

यंत्राने आकडा टाकला: एकशे बेचाळीस.
तिशीच्या आत असावा लागतो.
लोण्याकडे बोट नकोच, असं आकडा म्हणत नाही.
तो एवढंच म्हणतो,
घरात आणखी कुणीतरी होतं.

हे मला कुणाला सांगता येत नाही.
गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे, निळ्या शाईत.
मी नळी जागेवर ठेवली. बोटं गार पडली होती.

मग सिनिक्कासमोर बाही वर केली.
माझ्या रक्तावर तरी कुणाची सही नाही.
शीर चटकन सापडली.
एकशे अडतीस.

रविवारी वृद्धाश्रमात गेले.
तळं अजून गोठलेलं, खिडकीत जिरेनियमची कुंडी.
आईला सांगितलं: माझ्यात हे निघालंय.
तुझं तपासलं तेव्हा नव्हतं ना? मग हे त्यांच्याकडचं.
त्यांना ते जन्मापासून असणार,
तुझ्या हातचं पहिलं लोणी खाण्याआधीपासून.

ती बराच वेळ तळ्याकडे बघत होती.
कुणाच्या तरी रेडिओवर हवामान चाललं होतं.
मी लोण्याची वाटी तिच्याकडे सरकवली,
इतक्या वर्षांनी, म्हटलं, बघू.

तिने वाटी घेतली,
नीट झाकण लावलं
आणि टेबलाच्या पार पलीकडे ठेवली,
जिथे माझा हात पोचणार नाही.