चार हजारापाशी

मच्छिंद्र वाळुंज, वय एकावन्न.
पॉवर प्रेस, भोसरी, तेवीस वर्षं.
काचेच्या खोलीत बसलाय, कानांवर हेडफोन.
मी सांगितलंय : आवाज आला की बोट वर करा.

तो बोट वर करतो.
मी अजून बटण दाबलेलंच नाही.
माझ्या खांद्याकडे बघतोय तो,
खांदा हलला की बोट.
मी खुर्ची फिरवते, पाठ करते त्याच्याकडे.
आता बोट मांडीवरच.

कागदावर रेघ नीट चालत येते
आणि चार हजारापाशी
विहिरीत पाय घसरावा तशी जाते.
ही विहीर मी ओळखते.
गोंगाटानेच खणलेली असते ती.
पण कुठल्या गोंगाटाने?
आलेखाला आवाज कळतो,
आवाजाचा मालक कळत नाही.

बोर्डाचे डॉक्टर मोठ्याने विचारतात,
"गणपतीत ढोल वाजवता?"
नेमकं एवढंच त्याला पहिल्या खेपेला ऐकू येतं.
चेहरा उजळतो, सांगत सुटतो :
अठरा वर्षं पथकात,
अलका चौकात एकदा सलग चाळीस मिनिटं,
तळहात फाटला साहेब, पण टिपरू नाही सुटलं...
यमुनाबाई त्याची बाही ओढतायत.
डॉक्टर लिहून घेतायत.

"वर्षाचे दहा-अकरा दिवस वाजवतो हो,
आणि सराव महिनाभर, संध्याकाळचा," त्या म्हणतात.
"प्रेस रोज वाजते."
मिनिटाला चाळीस ठोके,
पाळीचे किती, महिन्याचे किती,
बोटांच्या पेरांवर मांडत जातात,
पेरं संपतात.
कानात घालायला काही द्यायचे का?
द्यायचे. इन्स्पेक्टर येणार असला की.

कंपनीतर्फे सुपरवायझर कोलते आलेत.
आमच्याकडे सगळं नियमात आहे म्हणतात.
तुम्हीही पथकात आहात का?
प्रश्न दोनदा विचारावा लागतो.
"छे हो, मिरवणूक मी टीव्हीवर बघतो."
हे कोणी लिहून घेत नाही.

शेरा : कारण निश्चित सांगता येत नाही.
पुन्हा तपासणी.
मी सही करते. माझ्या चौकटीत मावतं ते एवढंच,
उजव्या कानाला तांबडा गोल,
डाव्याला निळी फुली.

बाहेर बाकड्यापाशी तो विचारतो, काय म्हणाले?
यमुनाबाई त्याच्या कानाशी तोंड नेतात,
"पुढच्या मंगळवारी परत यायचंय!"
केसपेपरच्या रांगेतली माणसं मागे वळून बघतात.

कोलते माझ्याजवळ सरकतात,
पंजा कानामागे धरून.
"कधी म्हणाल्या त्या?"