अर्थ

छपराच्या मधोमध, बाबा म्हणाले,
दुसरीकडे कुठेही नाही.

मी म्हटलं, मडगार्डवर बसवू, सगळे तिथेच बसवतात,
चांगल्या पत्र्याला भोक कशाला,
गळेल, विकताना भाव पडेल.
कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर,
जिथे गाड्यांचे दरवाजे वाळत घातल्यासारखे टांगलेले असतात,
दस्तगीर मिस्त्रीनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं
आणि ड्रिल उचललं
ते बाबांच्या बाजूनं.

एकतीस वर्षं पोर्टाच्या वायरलेस खोलीत
कानांवर काळे डबे लावून बसलेला माणूस.
आता उजव्या कानानं ऐकू येत नाही,
डाव्या कानानं, ऐकायचं नसेल तेव्हा येत नाही.
घरात रेडिओ लागत नाही.
गॅलरीला ग्रिल, खिडकीला ग्रिल,
भिंतीपलीकडे नव्या टॉवरची लिफ्ट दिवसभर वरखाली.
म्हणून संध्याकाळी सातला ते खाली जायचे,
उभ्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचे
आणि बातम्या संपल्या की वर यायचे.
"काय म्हणाले?" आई होती तेव्हा विचारायची.
"खरखर."

भोक पडलं. पत्र्याचा कीस
माझ्या सीटवर सांडला, अजून मिळतो कधी कधी, टोचतो.
काठी उभी राहिली, सव्वा हात, ताठ.
तरी खरखर.
वायर बदलली, फ्यूज बदलला,
इंजिन चालू केलं की आत एक डास गुणगुणायचा,
ॲक्सिलरेटर दाबला की डास तार सप्तकात.

"अर्थ लागत नाहीये," दस्तगीर म्हणाला.
मी हसले.
कुणीच हसलं नाही.

बाबांनी त्याच्या हातातला पॉलिश पेपर घेतला.
आत शिरून, छपराचं अस्तर खाली ओढून,
वाकड्या मानेनं, बहात्तराव्या वर्षी,
भोकाभोवतीचा रंग खरवडायला लागले.
आधी पांढरा. त्याखाली निळा,
पहिल्या मालकाचा, मी कधी न पाहिलेला.
मग तांबडा प्रायमर. मग उघडा पत्रा.
"रंग मध्ये आला की अर्थ लागत नाही," ते म्हणाले,
"काठी म्हणजे नुसती अर्धी,
उरलेली अर्धी हे अख्खं छप्पर.
म्हणून मधोमध.
सगळीकडून सारखं ऐकू यायला हवं."

आईच्या तेराव्यानंतर
एवढं सलग ते माझ्याशी बोलले नव्हते.
दस्तगीरचा पोऱ्या चहा घेऊन उभा होता,
तोही मध्ये बोलला नाही.

घरी न जाता शिवडीकडे वळलो.
किंग्ज सर्कलच्या पुलाखाली आवाज बुडाला, पलीकडे निघाला,
वडाळ्याला हायटेन्शनच्या तारांखाली गुरगुरला.
धक्क्याजवळ इंजिन बंद केलं. डास मेला.
चिखलावर भरती चढत होती.
खाऱ्या पाण्यावरून लहर लांब चालते,
जमिनीवर दमते, बाबा म्हणाले,
आणि बटण केसाएवढं केसाएवढं फिरवत राहिले.

एक बाई.
कुठल्याशा किनाऱ्यावरची, अरबी असेल, बलुची असेल,
बाजारभाव सांगत असेल किंवा गेलेल्यांची नावं,
दोन्ही त्याच संथ आवाजात सांगता येतात.
"काही कळलं?" मी विचारलं.
डावा कान स्पीकरला टेकवून ते म्हणाले,
"अर्थ चांगला लागलाय."

मॉलच्या पार्किंगला काठी काढून हातात घ्यावी लागते.
वॉचमन विचारतो, मॅडम, छत्रीचा कपडा कुठंय?

आणि महिन्यातून एकदा बाबा पाना घेऊन खाली उतरतात.
अस्तर ओढायचं, नट सोडवायचा,
तांबूस गंज धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसायचा,
करंगळीनं ग्रीस फिरवायचं.
समुद्राची हवा आहे इथे,
एकदा लागलेला अर्थ लागलेलाच राहत नाही.

मी टॉर्च धरते.
"जरा अलीकडे हो," ते म्हणतात,
"तुझीच सावली पडतेय."