बाही साडेतेवीस

घर घेतलं तेव्हा कळलं,
पुढल्या खोलीत शिंप्याचं दुकान होतं, सतरा वर्षं.
लादीच्या भेगांतून अजून सुया निघतात.
पहिले आठ दिवस मी फुटक्या स्पीकरचं चुंबक
दोरीला बांधून जमिनीवरून ओढत होते,
आणि निमिष मागून रांगत,
जणू मी कुत्रं फिरवतेय आणि त्याला ते हवंय.

हप्ता जाऊन बिस्किटाच्या डब्यात अकरा हजार चारशे.
त्यातले चार कौलांनी खाल्ले.
(माकडांनी, खरं तर. कौलांचा काय दोष.)
दिगंबर म्हणाला, सोफा कशाला, समोर समुद्र आहे ना.
मी म्हटलं, पाहुण्यांना समुद्रावर बसवणार?

रंगाचा डबा अर्ध्या किमतीत,
कुणीतरी परत केलेला.
दुकानदार म्हणे पीच.
भिंतीवर चढला तर सोलकढी.
पर्णीने जीभ बाहेर काढून भिंतीशेजारी धरली,
आरशात बघितलं,
म्हणाली, जुळतंय.

बाक पास्कू मेस्तने केला,
जेटीपलीकडे मोडीत निघालेल्या होडीच्या फळीचा.
स्क्रू पितळेचे, तिचेच. इथला वारा
लोखंड चार पावसाळ्यांत चावून टाकतो.
फळीवर कालवं चिकटल्याचे पांढरे गोल डाग.
रंधा मारू काय? त्याने विचारलं.
नको, म्हटलं.
आता येणारे हात फिरवतात, काय सुंदर कल्पना म्हणतात.
मी हसते.
रंध्याचे दोनशे वेगळे होते.

पडदा म्हणजे इब्राहिमचाचांचं जुनं जाळं,
तीनदा धुतलं, एकदा रिठ्याने.
पाहुण्यांना बांगड्याचा वास येतो म्हणे.
आम्हाला येत नाही.

जमिनीपासून अडीच फूट ही मुलांची हद्द.
तिथे कुठलाच रंग टिकायचा नाही, हे आम्हाला
पहिल्याच दुपारी समजलं
(तेल, भात, एक पूर्ण पंजा, निळी पेन्सिल,
आणि काय ते मी अजून विचारलेलं नाही).
म्हणून खाली गेरू सारवला.
गेरूवर खडू उठतो, बिघडलं की पुन्हा गेरू,
किलोला काही फार नाही.
फक्त संध्याकाळी दोघं
लाल ढुंगणांनी गावभर हिंडतात,
आणि कोणाची मुलं हे सांगावं लागत नाही.

दारामागची भिंत शेवटी ठेवलेली.
ब्रश तिथवर आला आणि डबा संपला.
डबा उपडा केला, काडीने खरवडला,
पाणी घालून एक हात आणखी काढला,
तरी हातभर जागा उरली, नेमकी तीच
जिथे शिंप्याने पेन्सिलीने मापं लिहिलीत:
शशिकांत. छाती अडतीस. बाही साडेतेवीस.
भार्गवी, परकर, दोन.
काळसेकर मास्तर, कोट, पोट सोडून.
कुमुद. ब्लाउज पाच. लग्न. घाई.
घाईखाली दोन रेघा.

नवा डबा नऊशे.
पुढच्या महिन्यात बघू, दिगंबर म्हणाला,
जसं आम्ही फ्रीजच्या दाराबद्दल म्हणतो,
दाढदुखीबद्दल म्हणतो.

मी मात्र रात्री झाडताना तिथे थांबते.
कुमुदचे पाच ब्लाउज वेळेत झाले असतील का?
की एक राहिला आणि तिने
हळदीच्या दिवशी मावशीचा घातला, काखेत सैल?
मास्तरांना कळलं असेल का ते पोटाचं?

काल निमिष भिंतीला पाठ टेकून उभा राहिला,
दोन्ही हात बाजूला पसरून, डोळे मिटून.
माझी बाही लिही.
टेप नव्हता. काथ्याच्या सुंभाने मोजली,
मग सुंभ पट्टीवर धरला.
कुमुदच्या खाली लिहिलं:
निमिष. बाही तेरा. घाई नाही.

अजून टोक करकरत होतं तोच
पर्णी बाहेरून धावत आली, पाय चिखलाचे,
परवाच पुसलेल्या लादीवर चार, पाच, सहा,
आणि बाकावर चढली:
आधी माझी.
माझी घाई आहे.