पट्टीवरचं पाणी

रात्री अकराला बंधाऱ्यावर एकतीस फूट सात इंच.
अप्पांना पाटबंधारे सोडून सहा वर्षं झाली, तरी
डायलिसिसच्या खाटेवरून आधी विचारतात,
"पाणी किती?"
क्रिएटिनिन मागाहून.

मी विद्यापीठात, अंधाऱ्या खोलीत,
काचेवर उंदराच्या मूत्रपिंडातल्या पेशी.
प्रत्येकीवर एकच केस, हिरवा, ताठ.
सिलियम.
कितीतरी वर्षं लोकांना वाटायचं, हे उरलंसुरलं काहीतरी,
शेपूट गेल्यावरच्या माकडहाडासारखं.

ती पट्टी आहे, अप्पा.
नळीतून पाणी वाहतं, ती वाकते,
आणि आत कुणीतरी वहीत लिहितं.

लिहितं म्हणजे,
कायनेज नावाचा कारकून
समोर येईल त्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारतो.
फॉस्फटेज तो पुसत बसतो.
भांडण नाही, टेबल एकच.
शिक्का लागला की कुणाला दार उघडतं,
कुणाचे दोन तुकडे होतात, आणि
एक तुकडा केंद्रकात जाऊन सांगतो: नको, अजून नको.
मला कळायला दोन वर्षं गेली
की हे 'नको' आपोआप होत नाही.
कुणाला तरी ते सारखं लिहीत राहावं लागतं.

अप्पा मे महिन्यातही पायऱ्या उतरायचे.
नदी शेवाळलेली, पट्टीचे तळाचे आकडे उघडे.
"फरक नाही" लिहून सही.
आई म्हणायची, न वाढलेलं पाणी काय मोजायचं?
"न्हाई वाढलं, ह्ये बी कुणीतरी सांगाय पायजे की."

आता त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याचे फुगे,
सोनोग्राफीत बेडकाच्या अंड्यांसारखे.
पट्टी जागेवर आहे, प्रथिन एक चुकलेलं.
वाहतं पाणी तिला वाहतंय असं कळत नाही
आणि एक कायनेज शिक्के मारतच सुटतो,
पुसणाऱ्याला पुरत नाही.
त्याच शाईत: वाढा. वाढा.

माझ्यात ते असण्याची शक्यता निम्मी.
रक्त अजून दिलेलं नाही.

दोन वाजता एका केसाच्या बुडाशी
लाल ठिपका उमटला, बारीक,
शिक्का ओला असताना पकडला तसा.
फोटो घेतला. आकडा टाकला.
तेवढ्यात फोन.

"झोपला नाहीत?"
"किती?"
एकतीस नऊ, मी म्हटलं. दोन इंच.
तिकडे बराच वेळ मशीनची घरघर नुसती.
मग म्हणाले, "लिवलंस न्हवं?"