छाट

कोर्टाच्या कुंपणाला टेकून माझं टेबल.
मशीन जुनं, त्याचा 'ळ' तुटका,
म्हणून चिप्पा वकिलांच्या अर्जांत
'वेळ' कधी धड उमटलीच नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा कोट दुसऱ्याचा,
बाह्यांना तंबाखूचा वास.
घरी तेलुगू, कोर्टात मराठी,
चिडला की कन्नड.
म्हणाला, दस्तगीरभाई, घ्या लिहून :
हजार विड्यांमागे दीडशे छाट.
छाटलेली विडी मालक फेकत नाही,
विकतो.
मग तिची मजुरी कुणी ओढली?

मी पाच प्रती काढल्या, कार्बन घालून.
पाचवी इतकी फिकट
की उन्हात धरली तरच वाचता यावी.
अर्जदार अठ्ठावीस. सातव्या क्रमांकावर
नरसम्मा राजय्या चिप्पा, वय एकावन्न,
सही : डाव्या हाताचा अंगठा.

सहा वर्षांनी इथं जिंकला.
मालक वर गेला, हायकोर्टात.
मग एके दिवशी चिप्पालाही वर बोलावलं,
जज म्हणून.
साखर पेठेतल्या एकानं वॉल हँगिंगमध्ये त्याचा चेहरा विणला,
काळं सूत संपलं म्हणून एक भुवई तांबडी.
बार रूममध्ये ते अजून आहे.

आणि फिरत फिरत फाइल आली ती त्याच्याच पुढ्यात.
बाया डबे बांधून गेल्या होत्या,
कडक भाकरी, शेंगाचटणी.
त्यानं वरचं नाव वाचलं.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"माझ्यासमोर नको."
एवढंच.
हजारो पानं टाइप केली मी त्याची,
इतकं छोटं वाक्य एकही नव्हतं.

फाइल दुसऱ्या बेंचकडे, तिथून तिसऱ्या,
नऊ वर्षं.
नरसम्मा सूप मांडीवर घेऊन बसली होती,
मी विचारलं, राग आला का?
पानाला कात्री लावत म्हणाली,
पोरानं विडी बरोबर वळली.
दोरा पण घट्ट.
मग थोड्या वेळानं :
गेली मात्र छाटात.

निवृत्त होऊन आला गेल्या उन्हाळ्यात.
स्टुलावर बसला, पहिल्यासारखा.
माझ्याकडे आता कॉम्प्युटर, 'ळ' एकदम ठणठणीत.
म्हणाला, ती पाचवी प्रत आहे का?
होती. ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत.

उन्हात धरून उभा राहिला.
सातव्या ओळीवर बोट.
रस्त्यावर त्याचा रिक्षावाला
हॉर्न वाजवत होता, वाजवतच होता.