दोनशे 'ई'

हेक्सॅमच्या संग्रहालयात, सोमवारी, दारं बंद असताना,
म्युरिएल शिडीवर.
पाकिटात दोनशे 'ई', काळे, चिकटणारे.
बी.सी.च्या शेपटीला एकेक जोडायचा.
ए.डी. मात्र नखानं खरवडायचं,
खाली फळीचा जुना रंग,
ऊन न लागलेला.

शिडी धरून ऑस्विन,
रविवारी चर्चची घंटा ओढणारा.
"आकडे तेच?"
"तेच."
"मग मोजायचं कुठून?"
"तिथूनच."
कुठून, ते कुणीच बोलत नाही.
काचेत रोमन चपलेचे अकरा खिळे,
चप्पल नाही.

मग चहा.
"एडिथ गेली," तो म्हणतो, "पुराच्या आधी दोन वर्षं."
म्युरिएल मान हलवते:
तिचं घर पुरानंतरचं.

त्याच्या बाहीला
एक 'ई' चिकटलाय.
ती सांगत नाही.