डोक्यासकट

जयवंतने वहीत दोन रकाने आखले होते,
डावीकडे चार्ल्स्टन, उजवीकडे सव्हाना.
घरपट्टी, पुराचा विमा, हृदयाचे डॉक्टर किती मैलांवर,
तूरडाळ कुठे मिळते.
ओहायोत चौतीस वर्षं बर्फ उपसला,
आता समुद्राजवळ मरू, असं तो म्हणाला होता.
मी म्हटलं, आधी राहू तरी.

चार्ल्स्टनची घरं रस्त्याकडे खांदा करून उभी,
लग्नात मानपान चुकलेल्या आत्यांसारखी.
दार उघडलं तर आत घर नाहीच, लांबलचक पडवी.
पडवीचं छत फिकट निळं,
भुतांना वाटावं पाणी आहे, त्यांनी ओलांडू नये,
असं घर दाखवणाऱ्या लोरेटाबाईंनी सांगितलं.
आभाळ निरभ्र, आणि बाईंच्या पायात रबरी बूट.
बूट कशाला, विचारलं,
तर म्हणाल्या, आज पौर्णिमा ना.
नऊच्या सुमाराला गटारातून
एक मासा रस्त्यावर आला,
बोटाएवढा,
चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.
उधाण मला कुणी शिकवायला नको,
मी वेंगुर्ल्याची.
पण आमचं उधाण बंदरावर यायचं,
बँकेच्या पायऱ्यांवर नाही.

मग बाईंनी एक वीट दाखवली.
जोत्यात, कमरेच्या उंचीवर,
तीन बोटांचे ठसे, ओल्या मातीत उमटलेले
आणि तसेच भाजलेले.
गुलामांची मुलं विटा उलटायची, वाळायला.
आवाज न बदलता सांगितलं त्यांनी,
रोज सांगत असणार.
मी करंगळी त्या खळग्यात ठेवून पाहिली.
मावली नाही.
वहीत याला रकाना नव्हता.

सव्हानात चौक मोजता मोजता जयवंत पोरासारखा झाला.
बावीस, बावीस, म्हणत राहिला.
चौकाचौकात ओक, त्यांच्यावर करडं शेवाळ,
काथ्या पिंजून वाळत टाकावा तसं.
नदीतून एक जहाज गेलं, चर्चच्या कळसाहून उंच,
आणि सगळ्या रस्त्यावर सावली पडून उठली.
इथल्या विटा कुणी उलटल्या, मी विचारलं.
तो म्हणाला, बस ना जरा बाकावर.
बाकाशेजारची पाटी मी चष्मा पुसून वाचली.
इथेही तेच,
फक्त सावली दाट.

तिसऱ्या दिवशी, सतरा नंबरच्या रस्त्यावर,
दोन्ही गावांच्या मध्ये,
आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.
तुला कुठलंच गाव पुरायचं नाही, तो म्हणाला होता.
तुला कुठलंही चालेल, मी म्हणाले होते.
दोन्ही खरं होतं, म्हणून जास्त लागलं.
बाहेर ओहोटीचं खाजण,
काळा चिखल, पिवळट गवत, त्यात एक बगळा.
खिडकी खाली केली आणि तो वास आला,
कुजका, खारट,
मांडवीच्या खाडीकडून शाळेत यायचा तो.
मी काच वर केली नाही.
त्यानंही एसी लावला नाही.

पुढे एका पत्र्याच्या टपरीवर एक म्हातारा सुंगटं विकत होता,
निळ्या पेटीत बर्फ, वर ओलं गोणपाट.
दोन पौंड तोलून त्यानं विचारलं,
डोकी काढू की राहू देत?

राहू देत!
आम्ही दोघं एकदम.
तीन दिवसांत पहिल्यांदा.

बर्फ तासभर टिकेल, म्हातारा म्हणाला.
सव्हाना पंचेचाळीस मैल, चार्ल्स्टन त्रेपन्न,
आणि सव्हानाच्या खोलीत चूल होती,
तिथल्या ओट्यावर माझी आगळाची बाटली.
जयवंतने गाडी वळवली.
रस्त्याला कुणीच नव्हतं, तरी सिग्नल दिला.

लेकीला फोनवर सांगितलं,
विम्याचा हप्ता कमी पडतो तिकडे.
ती म्हणाली, बाबांचं गणित पक्कं असतं.

करंगळी मी अजून
कधीकधी अंगठ्याने दाबून बघते.